खालील चौकोनात खूण करा

फैजपूरहून भुसावळ, तासाभराचा रस्ता.
बामणोदला बस थांबते, तापीवर हळू होते,
आणि मी पर्समधली पट्टी चाचपते.
अकरा वर्षं तीच, जांभळट, पाचशेची,
सकाळी एक, रात्री एक.
अकरा वर्षांत एकदाही
नाकाशी चप्पल धरली नाही कुणी.

या वेळी खुर्चीत नवे डॉक्टर. गाजरे.
माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे.
त्यांनी गोळीचं नाव वाचलं, मग माझं वय,
मग पुन्हा गोळीचं नाव.
"लग्न?"
नाही.
"करणार?"
मी हसले. अडतीस वर्षांची बाई
या प्रश्नाला आणखी काय करणार.

ते हसले नाहीत. खणातून कागद काढला.
नवा नियम आहे म्हणाले,
मूल होऊ शकेल अशा प्रत्येक बाईला सांगायचं:
पोटातल्या बाळाचा कणा, त्याची बुद्धी, त्याचं बोलणं.
ही गोळी शक्यतो नको.
दुसरी देतो. ही हळूहळू कमी, ती हळूहळू जास्त.

माझ्या आधीच्या नंबरचा, खिरोद्याचा हिरामण,
तीच पट्टी खिशात घालून
दोन मिनिटांत बाहेर पडला होता.

मला सांगायचं होतं,
सोळाव्या वर्षी शाळेच्या प्रार्थनेत पडले
त्या दिवशीच गल्लीने ठरवून टाकलं होतं.
स्थळं यायची, चहा प्यायची,
कोपऱ्यावरच्या दुकानात सुपारी घ्यायला थांबायची
आणि तिथूनच परत जायची.
आणि आता हा कागद,
झेरॉक्सची झेरॉक्स, एका बाजूला तिरका छापलेला,
म्हणतो, आपण गर्भवती होऊ शकता.
बावीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.
क्षणभर, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आई म्हणाली, "चांगली चालू व्हती, मंग बदलली काहाले?"
बाळासाठी, मी म्हटलं.
"कोनाच्या?"

एकोणिसाव्या दिवशी, वेफर्सच्या शेडमध्ये,
केळीच्या चकत्या कढईत सोडत होते.
तेवढंच आठवतं, आणि वच्छला "धरा धरा" ओरडली ते.
उजव्या हातावर तेल कोपरापर्यंत आलं.
डोळे उघडले तर नाकाशी चप्पल,
निळी, रबरी, अंगठा झिजलेली.

पुन्हा भुसावळ.
बाकावर बोदवडची एक सून, मांडीवर सहा वर्षांचा मुलगा.
मान धरत होता, नजर धरत नव्हता.
त्याची लाळ पदराने टिपत तिने विचारलं, तुमी कोनती घेता?
मी जुनी पट्टी दाखवली, रिकामी.
ती तिच्याकडे बघतच राहिली.
"मी बी हेच घेत व्हती. नऊ महिने.
मले कोनी कागद देला नई."

घरून जमवून आणलेलं भांडण
तिथेच गिळलं.
म्हणजे, सगळं नाही.

डॉक्टरांनी हात पाहिला. बराच वेळ बोलले नाहीत.
मग जुनी गोळी लिहिली आणि अर्ज पुढे केला.
दोन डॉक्टरांच्या सह्या, त्यातली एक जळगावची,
ती त्यांनीच आणवून ठेवलेली.
नर्स म्हणाली, भावाची पण घेऊ या का?
"नको. त्यांचीच."
मूल होऊ देण्याचा माझा विचार नाही.
खालील चौकोनात खूण करा.
दर वर्षी यायचं. दर वर्षी ही खूण.
पेन चालेना, म्हणून कडेला गिरवून पाहिलं,
दोन-तीन गोल उमटले. मग केली.

परतीच्या बसमध्ये, पूल यायच्या जरा आधी,
शेजारच्या बाईने तिकिटाचे सुटे शोधायला
तिचं तान्हं माझ्याकडे दिलं.
विचारलंही नाही.
गोळी अजून पर्समध्येच, रात्रीची.
मी पाय समोरच्या सीटला टेकवले,
डावा हात त्याच्या पाठीखाली घातला
आणि ती नाणी मोजेपर्यंत
पापणी हलवली नाही.